पायरी सर खुर्चीत बसले

शोधपथकाच्या खोलीतली लाल प्लास्टिकची खुर्ची नातेवाइकांसाठी असते. कुणाचं माणूस हरवलं की त्या घरातल्या एकाने तिच्यात बसायचं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि माणूस सापडेपर्यंत तिथून हलायचं नाही. हा नियम पायरी सरांनी केला होता आणि इतक्या वर्षांत त्यांनी तो कुठल्या आईसाठी मोडला नाही की कुठल्या नवऱ्यासाठी. त्या दुपारी मात्र त्या खुर्चीत ते स्वतः बसले होते. नाना, म्हणजे त्यांचे वडील, सकाळपासून घरात नव्हते.

दिवस थंडीचे. नानांच्या अंगात एक बिनबाह्यांचा स्वेटर, बाकी काही नाही. अंधार पडायच्या आत सापडले तर सापडले. एक रात्र बाहेर काढली तर ते वाळून काडी झालेलं शरीर सकाळ बघणार नाही, हे सरांना कुणी समजावून सांगायला नको होतं. अशी म्हातारी माणसं त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलून आणली होती, काही वेळेवर आणि काही उशिरा.

पायरी सर हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. सर शाळेत गणित शिकवायचे आणि उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली म्हणून गुण कापायचे. पालक तावातावाने भांडायला यायचे, की उत्तर तर बरोबर आहे ना. सर शांतपणे म्हणायचे, उत्तर शेजारच्या बाकावरही बरोबर असतं. पालक हात टेकून परत जायचे आणि पोरं पायऱ्या लिहायला शिकायची. सरांच्या बायकोचं म्हणणं असं, की भाजीत मीठ कमी आहे का म्हणून विचारलं तरी हा माणूस आधी गृहीत काय धरलंय ते सांगतो आणि मग मिठाकडे येतो. हे ती चारचौघांत सांगायची आणि सर त्यावर सगळ्यांत जास्त हसायचे.

माणूस मात्र लाखात एक. कच्च्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून शिकवायचे, आणि जी थांबायची नाहीत त्यांच्या घरी जाऊन धडकायचे. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात, तिचा रोज संध्याकाळी फोन, आणि तो वाजला की सर हातातलं काम टाकून उठायचे. नानांचा मेंदू दगा देऊ लागल्यापासून त्यांची आंघोळ, दाढी, नखं, सगळं सर स्वतः करत. बाई ठेवली होती, पण ती दिवसभर सोबतीला. वडिलांच्या अंगाला परक्याचा हात नको, असं सरांना वाटे.

आणि उरलेला वेळ शोधपथकाला. हे पथक त्यांनीच उभं केलं. कारण असं घडलं, की एकदा एक कॉलेजातला मुलगा घरातून निघून गेला. त्याच्या वडिलांनी सांगितलं, काही झालं नाही, असाच गेला. सगळं गाव दोन दिवस डोंगराच्या बाजूला शोधत राहिलं. मुलगा सापडला उलट्या दिशेला, आणि तोवर फार उशीर झाला होता. नंतर कळलं की वडील त्याला म्हणाले होते, तोंड दाखवू नकोस, जा तुझ्या मामाकडे. तो मामाच्या वाटेवरच होता. त्या बापाचा चेहरा सर कधी विसरले नाहीत. तेव्हापासून पथकाच्या प्रत्येक नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी बजावत, की नातेवाईक खोटं बोलत नाहीत, ते गाळून सांगतात. म्हणून विचारायचं, शेवटचं बोलणं काय झालं, आणि जसं झालं तसं, शब्दाला शब्द. 'घरी सगळं ठीक होतं ना' असं कधीही विचारायचं नाही, कारण त्याला माणूस 'हो' म्हणतो आणि आपला शोध वाया जातो.

आता सकाळी काय झालं ते सांगायला हवं.

नाना रोज उठल्यापासून एकच विचारायचे, ही कुठे गेली? ही म्हणजे सरांची आई. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती. सुरुवातीला सर खरं सांगत आणि नाना दर वेळी नव्याने कोसळत. ते बघवेना, तेव्हा घरात ठरलं की म्हणायचं, कामावर गेलीये, येईल. आयुष्यभर ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधायला जात होती, त्यामुळे नानांना ते पटायचं. 'असं का' म्हणून ते खिडकीशी जाऊन बसायचे.

त्या दिवशी शाळेत निकालाची बैठक होती. सरांना चष्मा सापडत नव्हता, बायको औषधांच्या दुकानात कामाला केव्हाच निघून गेली होती, सोबतीच्या बाईंचा पत्ता नव्हता, आणि नाना मागे मागे फिरत तेच विचारत होते. सर शर्टाची बटणं लावता लावता फिरले आणि म्हणाले, "कामावर गेलीये, नाना. आणि एवढी घाई असेल तर तुम्हीच जा तिला आणायला. माझं डोकं नका खाऊ."

नाना म्हणाले, "बरं."

सरांनी दार नुसतं लोटलं, बाई येतीलच म्हणून, आणि गेले. बाईंना यायला उशीर झाला. त्या आल्या तेव्हा खोल्या रिकाम्या होत्या. आधी त्यांनी सगळा शेजार पालथा घातला आणि मग रडत सरांच्या बायकोला फोन केला.

खोलीत सरांसमोर टेबलाच्या कडेला टेकून चिमणी उभी होती. हीसुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी. वर्गात एक मिनिट तोंड बंद नसायचं, म्हणून हे नाव सरांनीच ठेवलेलं. आता ती दवाखान्यात परिचारिका होती आणि पथकात सरांच्या खालोखाल तिचा शब्द चालायचा. सर खुर्चीत बसल्यामुळे आज सूत्रं तिच्याकडे होती. तिने कपडे विचारले, औषधं विचारली, ऐकू नीट येतं का ते विचारलं, रोजची वाट कोणती ते विचारलं. सरांनी एकेक उत्तर चोख दिलं. रोज संध्याकाळी नाना त्यांचा हात धरून तळ्यापर्यंत चालत जायचे, तेही सांगितलं.

मग तो प्रश्न आला. चिमणीने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या बायकोकडे पाहिलं. ज्या माणसासमोर आपण फळ्याकडे तोंड करून उभं राहिलोय, त्याला घरातलं भांडण कसं विचारायचं? तिची जीभ रेटेना.

"सर, घरी सगळं ठीक होतं ना?"

"हो," सर म्हणाले.

तिने चुकीचा प्रश्न विचारला, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. एरवी त्यांनी तिला तिथल्या तिथे थांबवून पुन्हा विचारायला लावलं असतं. आज ते गप्प राहिले. मनाशी म्हणाले, नानांना सकाळचा चहा घेतलेला आठवत नाही, हे काय आठवणार आहे. ती जरा तापून बोललेली गोष्ट, तिचा काय संबंध. बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिच्यासमोर तर ते शब्द ओठांवर येणं शक्यच नव्हतं. नानांवर तोंड टाकू नका, म्हणून आदल्याच आठवड्यात ती त्यांना रागावली होती.

चिमणी माणसं घेऊन तळ्याकडे गेली. खोलीत राहिले सर, त्यांची बायको आणि टेबलावरचा वॉकीटॉकी.

ज्याने कधी या खुर्चीत बसून वाट पाहिली नाही त्याला वाटतं, निदान बसायला तरी मिळतं. सरांनाही आजवर असंच वाटायचं. बायकांना ते पाणी आणून द्यायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि मग खुशाल दोर खांद्यावर टाकून बाहेर पडायचे. आज त्यांना कळलं की खुर्चीतल्या माणसाचे कान किती मोठे होतात. यंत्र खरखरलं की सर खुर्चीच्या कडेला सरकून कान लावायचे, आणि गप्प झालं की त्याचा आवाज वाढवून बघायचे. झाडीची बाजू झाली, काही नाही. पायवाट झाली, काही नाही. मधेच सगळे थांबून, श्वास रोखून कानोसा घेत, कुणी हाक देतंय का, कण्हतंय का. मग पुन्हा, काही नाही.

खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर चढलं. बायकोने उठून खिडकी लावली. थंडी वाढली होती.

"त्यांनी जेवण तरी केलं असेल का कुठे?" ती म्हणाली. सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सकाळचं ते 'बरं' त्यांच्या कानात अडकून बसलं होतं. नाना सहसा असं उत्तर देत नसत. 'असं का' म्हणत आणि खिडकीशी जाऊन बसत. आज ते 'बरं' म्हणाले होते, एखादं काम अंगावर घेतल्यासारखं. सर ते मनातून झटकत होते आणि ते पुन्हा येऊन बसत होतं.

मग यंत्र खरखरलं. चप्पल सापडली होती. एकच, काळी, तळ्याच्या काठाला, पाण्याला लागून.

"नानांची काळीच आहे," बायको पुटपुटली आणि तिने तोंडावर पदर धरला.

काळी चप्पल अर्ध्या गावाच्या पायात असते. सरांना हे कळत होतं, आणि तरी त्यांनी यंत्र जवळ ओढलं. तेवढ्यात चिमणीचा आवाज आला. ऊन जायच्या आत पाणी बघून घ्यायला हवं, टेम्पोवाला आणि आणखी एक जण दोर बांधून उतरतायत. टेम्पोवाला म्हणजे सरांचाच आणखी एक विद्यार्थी, भूमितीत कायम नापास झालेला, आता दोन लेकरांचा बाप. त्या तळ्याच्या तळाला गाळ होता. पाय रुतला की सुटत नाही, आणि थंडीत हात लवकर बधिर होतात. हेही सरांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

सरांनी यंत्र उचललं.

"थांबव त्यांना. पाण्यात कुणी उतरायचं नाही."

"सर, उजेड जाईल—"

"चिमणे, मला तो प्रश्न तू चुकीचा विचारलास. पुन्हा विचार."

पथकातल्या सगळ्यांच्या हातात तीच यंत्रं होती आणि प्रत्येक शब्द प्रत्येकाला ऐकू जात होता. चिमणी हलक्या आवाजात म्हणाली, की सर, सगळे ऐकतायत, तुम्हाला फोन लावू का, आणि तसं तुम्ही नुसतं सांगून टाकलंत तरी चालेल.

"नुसतं सांगायला गेलो तर मी पुन्हा गाळीन. विचार. जसं शिकवलंय तसं."

बायको स्टुलावरून उठून उभी राहिली होती. सर तिच्याकडे न बघता टेबलाकडे बघत राहिले.

"सर," चिमणीचा आवाज बदलला. ज्या आवाजात ती इतरांना विचारायची तो आला. "शेवटचं बोलणं काय झालं? शब्दाला शब्द सांगा."

सरांनी सांगितलं. नानांनी काय विचारलं ते, आपण शर्टाची बटणं लावत होतो ते, आणि मग ते वाक्य, 'डोकं नका खाऊ'सकट. नाना 'बरं' म्हणाले तेही सांगितलं. आपण दार नुसतं लोटून निघून आलो, तेही. सांगताना त्यांचा आवाज एकदा फुटला. त्यांनी तो सावरला आणि पुढचं वाक्य पुरं केलं. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, ती सगळी मुलं आपापल्या जागी उभी राहून ऐकत होती. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग चिमणीने पुढचा प्रश्न केला, कामावर म्हणजे कुठे? बिस्किटांचा कारखाना, सर म्हणाले. नदीपलीकडचा, बंद पडलेला. लग्नानंतरची कितीतरी वर्षं पाळी सुटायच्या वेळी नाना सायकल घेऊन फाटकाशी उभे असायचे.

"टेम्पो फिरव," चिमणी कुणाला तरी म्हणाली आणि यंत्र बंद झालं.

तळ्यापासून कारखाना म्हणजे गावाचं दुसरं टोक. दुपारपासून ते त्याच्याकडे पाठ करून शोधत होते. सरांना वाटलं, बायको आता बोलेल, बोलावं तिने, वाटेल ते बोलावं. ती म्हणाली, "दुपारी मी इथे आले तेव्हाच सांगायचं होतंत." बस, एवढंच. ती पुन्हा स्टुलावर बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. तो हात तिने घट्ट धरला होता, पण त्यात माफी होती की नुसती भीती, ते सरांना उमगलं नाही. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. मुलीचा रोजचा फोन आला आणि वाजून बंद झाला. दोघांपैकी कुणीही तो उचलला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. यंत्र खरखरलं तेव्हा दोघं एकदमच दचकली.

"सर, आहेत. जिवंत आहेत." चिमणी धापा टाकत होती. पडक्या भिंतीतून नाना आत शिरले होते आणि माल चढवायच्या ओट्यावरून खाली पडले होते. पायाचं हाड मोडलं असावं, अंग गार पडलं होतं. पण ते कुणाला जवळ येऊ देत नव्हते. हाताला एक काठी लागली होती आणि जो जवळ जाईल त्याच्यावर ती उगारत होते. जबरदस्ती केली तर मोडलेला पाय आणखी दुखावेल. "तुम्ही या. माणूस सापडलंय, आता तुम्हाला उठता येतं."

टेम्पोवाला त्यांना न्यायला आला. उतरताना त्याने सरांच्या दंडाला धरून आधार दिला.

बॅटऱ्यांच्या उजेडात नाना ओट्याला पाठ टेकून बसले होते. ओठ काळे पडले होते. कुणीतरी लांबून टाकलेलं ब्लँकेट त्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. भोवती सगळं पथक गोल करून उभं होतं. सर पुढे झाले तशी काठी वर आली.

"लांबूनच बोला, साहेब," नाना म्हणाले. आवाज थंडीने लटपटत होता. "पाळी सुटल्याशिवाय मी हलणार नाही. हिला घेऊन जायचंय. मुलाने सांगितलंय."

सर ओट्यापाशी गुडघ्यांवर बसले. "नाना, मीच तुमचा मुलगा."

नानांनी डोळे बारीक करून पाहिलं. "छे. माझा मुलगा शाळेत मास्तर आहे. तो असा चारचौघांत रडायचा नाही. आणि उगाच काही सांगायचाही नाही. तो जा म्हणाला, म्हणजे ती आहे आत."

मागे कुणाचा तरी हुंदका ऐकू आला, बहुतेक चिमणीचा. सरांना सोपा मार्ग दिसत होता. पाळी लांबलीये, आई उद्या येणार आहे, असं काहीतरी म्हणायचं. नानांनी मानलं असतं. सरांनी तोंड उघडलंही. पण समोरचा माणूस त्यांच्या एका शब्दावर मोडक्या पायाने, थंडीत, दिवसभर बसून राहिला होता. त्याला आणखी एक खोटं देणं त्यांना जमेना.

"आई आत नाही, नाना. आई गेली. वारली ती. मी सकाळी तुम्हाला खोटं सांगितलं."

काठी तशीच हवेत राहिली. नाना कारखान्याच्या बंद दाराकडे बघत होते.

"कधी?"

"पाच वर्षं झाली."

"मला कुणीच सांगितलं नाही," नाना म्हणाले. हळूहळू काठी खाली आली आणि त्यांच्या हातातून सुटली. ते रडले नाहीत. त्यांनी सरांच्या चेहऱ्यावर हात ठेवला, गालावरचं ओलं बोटांनी चाचपलं आणि मग लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले, उचलून घ्यायला.

सरांनी त्यांना पाठीखालून धरलं, टेम्पोवाल्याने पाय सांभाळला. वजन म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. नानांनी सरांच्या गळ्याला मिठी मारली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन रागावल्या आवाजात म्हणाले, "सांगायचं ना मग. उगाच एवढं चालवलंस मला."